मुठेल आणि खोबरेलाने ऊन अडतं का? प्रवाळाला जपणाऱ्या सनस्क्रीनबद्दल

तुम्ही लिहिलंय की तारकर्लीला तुमच्या भावाची स्नॉर्केलिंगची होडी आहे आणि तुम्ही घरी साबण, लिप बाम करून पर्यटकांना विकता. पर्यटक पाण्यात उतरले की त्यांनी अंगाला चोपडलेल्या क्रीमचा तवंग पाण्यावर पसरतो, ते बघून तुम्हाला वाईट वाटतं. म्हणून खोबरेल, मुठेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल), गाजरबियांचं तेल आणि रासबेरीबियांचं तेल एवढ्यावर एसपीएफ ३० चं, पूर्णपणे वनस्पतीजन्य आणि प्रवाळाला सुरक्षित असं सनस्क्रीन करायचंय, तर कशाचं प्रमाण किती घ्यावं, असा तुमचा प्रश्न आहे.

गेली सतरा वर्षं मी फॉर्म्युलेशनचं काम करते आहे, त्यातली निम्मी सनस्क्रीनवर गेली. त्या अनुभवावरून सांगते: या चार तेलांचं कोणतंही प्रमाण घ्या, ३० येणार नाही. ३० च्या जवळपासही जाणार नाही. हे वाचून तुम्ही बेत सोडून द्यावा असं मात्र मला अजिबात वाटत नाही. तुमच्या मनातल्या सनस्क्रीनचा तीन चतुर्थांश भाग खरोखरच झाडांपासून करता येतो, त्यातला काही तर तुमच्या परसातल्या झाडांपासून. फक्त ऊन अडवणारा भाग झाडांकडून मिळत नाही. तो कुठून घ्यायचा हे ठरवणं हेच या कामातलं कठीण काम आहे.

आधी या तेलांबद्दल जे एसपीएफचे आकडे सांगितले जातात ते कुठून आले ते बघू, कारण ते खोटे नाहीत, चुकीच्या जागी लावलेले आहेत. रासबेरीच्या तेलाचा ‘एसपीएफ २८ ते ५०’ हा आकडा २००० साली छापून आलेल्या एका कॅनेडियन संशोधनातला. त्यांनी तेलातून अतिनील किरण किती आरपार जातात ते मोजलं आणि तो आलेख टायटॅनियम डायऑक्साइडच्या काही मिश्रणांशी ताडून पाहिला. २८ ते ५० हा एसपीएफ त्या मिश्रणांचा होता. पुढे सांगणाऱ्यांनी तो तेलाला चिकटवला. खोबरेलाचा ‘सात’ हा आकडाही असाच. तेल अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये २९० ते ३२० नॅनोमीटरमधलं शोषण मोजायचं आणि मन्सूर या संशोधकाच्या १९८६ च्या सूत्रात घालून एसपीएफ काढायचा. फार्मसीच्या कॉलेजांमध्ये हे सर्रास करतात, आणि दोन नमुन्यांची आपापसांत तुलना करायला ते ठीकही आहे.

पण यंत्रातल्या काचेच्या डबीत द्रावण सगळीकडे सारख्या जाडीचं असतं. कातडी तशी नसते. हाताच्या पाठीकडे भिंगातून बघा, नांगरलेल्या शेतासारखी दिसेल. चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावतात, म्हणजे केसाहूनही पातळ थर. नुसतं तेल लावलं की ते उंचवट्यांवरून ओघळून सऱ्यांत जाऊन बसतं आणि उंचवटे उघडे पडतात. भाजतात ते हेच उंचवटे. एसपीएफ हा असा थर कातडीवर किती सारखा आणि किती वेळ टिकतो याचाही आकडा आहे, नुसत्या पदार्थाचा नाही.

याची किंमत माणसाला मोजावी लागते म्हणून मी इतकं लांबवून सांगते आहे. एक लहान उत्पादक माझ्याकडे कोरफड, करंज आणि गाजर घातलेलं क्रीम घेऊन आले होते. सोबत एसपीएफ ३२ चा प्रयोगशाळेचा कागद होता, याच सूत्रावर काढलेला. त्यांची मुलगी समुद्रात पोहण्याच्या सरावाला तेच क्रीम लावून जायची आणि ‘आपल्याला लावलंय की’ म्हणून तासन् तास उन्हात राहायची. तिच्या दोन्ही खांद्यांवर फोड आले होते. नंतर माणसांवर रीतसर चाचणी केली तेव्हा त्या क्रीमचा आकडा एक आकडीच निघाला. काहीच न लावता ती उन्हात गेली असती तर तासाभरात सावलीला आली असती. खोटा आकडा माणसाला उन्हात थांबवून ठेवतो, त्याचं नुकसान यात आहे.

आता प्रवाळाची बाजू. ‘झाडापासून आलं म्हणजे समुद्राला चालतं’ हे गृहीत तुमच्या प्रश्नात आहे, ते जरा तपासायला हवं. दिवाळीच्या उटण्यात आपण कपूरकाचरी घालतो. तिच्या कंदात एथिल पॅरा-मिथॉक्सिसिनामेट नावाचा रेणू असतो आणि तो अतिनील किरण छान शोषतो. या रेणूची शेपटी लांब केली की जे बनतं ते ऑक्टिनॉक्सेट, सनस्क्रीनमधलं ऊन शोषणारं रसायन. तेच ऑक्टिनॉक्सेट, जे ऑक्सिबेन्झोन या अशाच दुसऱ्या रसायनासोबत हवाईने २०१८ च्या कायद्याने बाद केलं आणि १ जानेवारी २०२१ पासून ज्याची सनस्क्रीनमधून विक्री तिथे बंद आहे. उटण्यातला कंद आणि बंदी घातलेलं रसायन इतकं जवळचं नातं सांगतात.

दुसरं उदाहरण तुमच्या ओळखीचं असेल. ओढ्यात मासे गुंगवायला गेळफळ ठेचून टाकतात, ते काही कारखान्यातून येत नाही. करंजेलात ऊन शोषणारे रेणू आहेत हे खरं, पण तेच करंजेल आणि निंबोळी तेल शेतकरी कीड मारायला फवारतात, आणि कोळंबी-खेकड्यांची पिल्लं नात्याने किड्यांना जवळची. त्यामुळे मी समुद्रात वापरायच्या मालात करंजेल आणि निंबोळी तेल घालत नाही, कितीही ‘हर्बल’ दिसलं तरी.

प्रवाळावर नेमकं काय होतं, याचे काही धागे पक्के आहेत. २००८ मध्ये इटालियन संशोधकांनी सनस्क्रीनमुळे प्रवाळ पांढरं पडतं असं दाखवलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात ऑक्सिबेन्झोनमुळे एका प्रवाळाच्या तरंगत्या पिल्लांचा आकार बिघडून ती स्वतःच्याच सांगाड्यात कोंडली जाताना दिसली. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते स्टॅनफर्डचं २०२२ चं काम. प्रवाळाच्या चुलत घराण्यातलं समुद्रफूल ऑक्सिबेन्झोन पोटात घेतं, त्याला साखरेचा रेणू जोडतं, आणि जो पदार्थ आपल्याला उन्हापासून वाचवत होता तो आता ऊन लागलं की उलट पेशींनाच जाळतो. त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ हा विषारी पदार्थ काही प्रमाणात स्वतःकडे ओढून घेतं. म्हणजे उष्णतेने शेवाळ गमावलेलं, आधीच पांढरं पडलेलं प्रवाळ जास्त उघडं पडतं.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. प्रवाळ मरतंय त्याचं मुख्य कारण तापलेला समुद्र आहे. एप्रिल २०२४ मध्ये नोआ या अमेरिकन संस्थेने जगभरातली चौथी मोठी पांढरं पडण्याची लाट जाहीर केली, ती उष्णतेमुळे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून कागदावर आहे, तरी तिथल्या प्रवाळावर गाळ बसतो, नांगर पडतात, पर्यटक उभे राहतात. सनस्क्रीनचा वाटा यापुढे लहान आहे. पण एका उथळ जागेत एका सकाळी शेकडो माणसं उतरतात तिथे तो लहान वाटाही आपल्या हातातला आहे, म्हणून मला तुमचा प्रयत्न मोलाचा वाटतो. आणि म्हणूनच पहिला सल्ला क्रीमचा नाही. भावाच्या होडीवर लांब बाह्यांचे पोहण्याचे टी-शर्ट भाड्याने ठेवा. पाठ, खांदे, दंड झाकले की निम्म्याहून अधिक क्रीम लागतच नाही, आणि कापड पाण्यात विरघळत नाही. पोटावर तरंगणाऱ्या माणसाची पाठ आणि पोटऱ्याच सगळ्यात जास्त भाजतात.

उरलेल्या कातडीसाठी, म्हणजे चेहरा, मान, हात, पोटऱ्या यांच्यासाठी, मी झिंक ऑक्साइड घेईन. ते खनिज आहे, झाड नाही, त्यामुळे लेबलवर ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ लिहिता येणार नाही. झिंक आरशासारखं ऊन परतवतं असं सगळे सांगतात, खरं तर बहुतेक अतिनील किरण ते शोषूनच घेतं. यूव्हीबी आणि यूव्हीए हे अतिनील किरणांचे दोन्ही प्रकार एकट्याने झाकणारा दुसरा इतका जुना, ओळखीचा पदार्थ माझ्या हाताखाली नाही. मात्र झिंकही आपोआप निर्दोष ठरत नाही. २०१८ च्या एका अभ्यासात आवरण नसलेल्या नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या, झिंकने ॲक्रोपोरा जातीचं प्रवाळ पांढरं पाडलं. पाण्यात सुटणारे झिंकचे आयन शेवाळाला सोसत नाहीत. म्हणून विकत घेताना दोन गोष्टी लेखी मागा: कण १०० नॅनोमीटरपेक्षा मोठे हवेत, आणि कणांवर पाणी न धरणारं आवरण हवं. मलमासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी झिंकची पूड यासाठी घेऊ नका.

आता झाडांचं काम, आणि ते मोठं आहे. झिंकच्या कणांना एकमेकांना चिकटण्याची खोड असते. ते सुटे ठेवणारा पॉलिहायड्रॉक्सिस्टिअरिक ॲसिड हा पदार्थ एरंडेलापासून बनतो. कण ज्यात भिजवायचे ते हलकं, न खवट होणारं एस्टर खोबरेलापासून मिळतं, त्याचं नाव कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइड. कडकपणा तांदळाच्या कोंड्याच्या मेणाने येतो. आणि मुठेल, ज्याचे गोळे तुमच्याकडे थंडीत भेगांना लावायला ठेवलेले असतात, ते अंगाच्या उष्णतेला अलगद वितळतं आणि कातडीवर धरून राहतं. नुसतं खोबरेल मात्र २४-२५ अंशांनाच पातळ होतं. मे महिन्यात ते होडीवर थर धरणार नाही.

सुरुवात मलमाच्या किंवा कांडीच्या रूपात करा, पाणी न घालता. कारण सांगते. पाणी आलं की बुरशी-जिवाणू आले, म्हणजे प्रिझर्वेटिव्ह आलं. साबणवाले लोक सहसा सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट घेतात, पण ते आंबट माध्यमातच काम करतात. झिंक असलेलं क्रीम साडेसात-आठ पीएचकडे जातं, आणि आंबट करायला गेलात तर झिंकच विरघळतं. मग बहुतेकजण फिनॉक्सिएथेनॉलकडे वळतात. पॅरेबेन-मुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी क्रीममध्ये तेच असतं. पण पॅसिफिकमधल्या पलाऊ या बेटांच्या देशाने १ जानेवारी २०२० पासून ज्या दहा घटकांची सनस्क्रीन बाद केली, त्या यादीत ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ऑक्टोक्रिलीन यांच्यासोबत चार पॅरेबेन आणि हेच फिनॉक्सिएथेनॉल आहे. ऊन अडवणाऱ्या रसायनांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, प्रिझर्वेटिव्हकडे कुणी बघत नाही. पाणीच नसेल तर हा सगळा गुंता सुटतो. ओल्या बोटांनी डबीतून काढलं तर पुन्हा पाणी शिरतं, म्हणून कांडी बरी.

शंभर ग्रॅमसाठी मी या प्रमाणापासून सुरुवात करेन: आवरण असलेलं झिंक ऑक्साइड २२ ग्रॅम, खोबरेलाचं एस्टर ३८, मुठेल १५, एरंडेल १०, कोंड्याचं मेण ११, पॉलिहायड्रॉक्सिस्टिअरिक ॲसिड ३, ई जीवनसत्त्व १. युरोप-अमेरिकेत झिंकची कमाल मर्यादा २५ टक्के आहे, तिच्या आत आपण आहोत. यातून ३० येईलच असं मी म्हणत नाही. ते झिंकच्या प्रतीवर आणि तुम्ही ते किती नीट मिसळता यावर ठरेल. पुरवठादार बदलला तर आकडा बदलतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

मिसळणं ही सगळ्यात मोठी गोष्ट, त्यामुळे ती जवळून सांगते. तोंडाला मास्क बांधा, पूड छातीत जाऊ देऊ नका. एस्टरमध्ये पॉलिहायड्रॉक्सिस्टिअरिक ॲसिड कालवून त्यात झिंक थोडं थोडं घाला. चमच्याने ढवळल्यावर ते दिसायला एकजीव दिसेल. त्याचा एक थेंब काचेच्या पट्टीवर ठेवा, दुसऱ्या पट्टीच्या कडेने ओढून पातळ पापुद्रा करा आणि खिडकीसमोर धरा. पांढरे ठिपके दिसतील, बारीक रव्यासारखे. प्रत्येक ठिपका म्हणजे हजारो कणांची गाठ, आणि दोन ठिपक्यांमधली पारदर्शक जागा म्हणजे भाजणारी कातडी. आमच्याकडे ही पेस्ट तीन रोलरच्या गिरणीतून दोन-तीनदा काढतात, मग पापुद्रा दुधाच्या सायीसारखा सलग होतो. तुमच्याकडे गिरणी नसेल तर झिंक आधीच दळून तेलात मिसळलेलं विकत मिळतं, तेच घ्या. महाग पडतं, पण मिक्सरच्या भांड्यात ही गाठ फुटत नाही. अशी पेस्ट घेतली तर तिच्यात एस्टर आणि पॉलिहायड्रॉक्सिस्टिअरिक ॲसिड किती आहे ते पुरवठादाराला विचारा आणि वरच्या प्रमाणातून तेवढं वजा करा.

मेण ८० अंशांच्या आसपास वितळतं. मेण, एरंडेल आणि मुठेल ८५ पर्यंत तापवून एकजीव करा, त्यात कोमट केलेली झिंकची पेस्ट घाला, ई जीवनसत्त्व शेवटी. ७० च्या आसपास साच्यात ओता आणि ओतेपर्यंत ढवळत राहा, झिंक जड असतं, तळाला बसतं. साचे लगेच थंड करा. मुठेल सावकाश गोठलं की त्याचे रवाळ दाणे होतात आणि कांडी कातडीवर खरखरते.

वासासाठी लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल घालू नका. त्यातले काही घटक ऊन लागलं की कातडीवर काळे डाग आणि फोड आणतात. बावचीचंही तेच. वास नसलेलाच बरा.

आपल्या सावळ्या कातडीवर झिंक राखेसारखं दिसतं, आणि लोक ते लावायचं टाळतात किंवा इतकं पुसून लावतात की काही उरत नाही. हे मला फार लागतं, कारण बाजारातली बरीच खनिज सनस्क्रीन गोऱ्या कातडीसाठी ठरवलेली असतात. तांबडे-पिवळे-काळे आयर्न ऑक्साइड मिळून दोन-तीन टक्के घाला, तेवढं एस्टर कमी करा. रंग जुळतो, आणि डाग पाडणारा दिसणारा प्रकाशही थोडा अडतो.

लाल शेवाळातल्या ऊन शोषणाऱ्या मायकोस्पोरिनसारख्या अमिनो आम्ल घटकांबद्दल तुम्ही वाचलं असेल. प्रवाळ स्वतःच्या अंगातही तेच बाळगतं. त्यांचे अर्क विकत मिळतात, महाग आहेत आणि पूरक म्हणूनच वापरता येतात. पहिल्या वर्षी त्यांच्या मागे लागू नका.

चाचणी आणि परवाना यात पळवाट नाही. भारतात सनस्क्रीन कॉस्मेटिक्स रूल्स २०२० खाली येतं आणि विकायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. स्वयंपाकघरात करून विकता येत नाही. परवाना असलेल्या कारखान्यात तुमच्या नावाने माल करून घेण्याची लोन लायसन्सची सोय आहे, लहान उत्पादकाला तीच परवडते. एसपीएफचा आकडा आयएसओ २४४४४ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार माणसांवर चाचणी करूनच लिहा, पाण्यात टिकण्याची चाचणी वेगळी करून घ्या. चाचणीआधी तीन महिने काही कांड्या ४५ अंशांत ठेवून बघा. मे महिन्यातल्या होडीच्या पेटीत त्याहून वेगळं हवामान नसतं. ३० ऐवजी १८ आला तर १८ लिहा. १५ चा थर सुमारे ९३ टक्के आणि ३० चा सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतो, त्यामुळे प्रामाणिक १८ हा लाज वाटण्यासारखा आकडा नाही.

लेबलवर ‘प्रवाळाला सुरक्षित’ लिहू नका. या शब्दांना कायद्यात व्याख्या नाही आणि प्रवाळाला पूर्ण सुरक्षित असं काही पाण्यात सोडणं मला माहीत नाही. त्याऐवजी काय नाही ते लिहा: ऑक्सिबेन्झोन नाही, ऑक्टिनॉक्सेट नाही, ऑक्टोक्रिलीन नाही, फिनॉक्सिएथेनॉल नाही, नॅनो झिंक नाही. खाली मराठीत एक ओळ: पाण्यात उतरण्याच्या वीस मिनिटं आधी लावा, दोनदा फिरवा, दर दोन तासांनी पुन्हा. वीस मिनिटांत थर कातडीवर बसतो आणि तुम्ही जो तवंग बघता तो कमी होतो. भावाला सांगा, कांडी होडीत नको, किनाऱ्यावर तिकीट फाडतानाच हातात द्यायची.

आधी वीस ग्रॅमचीच बॅच करा. ओतण्याआधी काचेवर पापुद्रा ओढा आणि खिडकीसमोर धरून त्याचा फोटो इथे टाका, झिंकच्या पुरवठादाराने दिलेला कणांच्या आकाराचा कागदही. ठिपके किती आहेत ते बघून पुढचं प्रमाण सांगते.